हमालाला एकच उचलता येतं

आमच्या घरात सपाट असलेली आणि जरा वेळ एका जागी पडून राहिलेली कुठलीही वस्तू लॅमिनेट होते. आधारकार्ड, सातबारा हे मी समजू शकतो. पण आमच्या बाबांनी, म्हणजे दासगावच्या सयाजीरावांनी, विजेचं बिल लॅमिनेट केलंय, म्हशीच्या लसीचं कार्ड केलंय, चुलतबहिणीच्या लग्नाची पत्रिका केलीय. ते लग्न मोडलं, तरी पत्रिका कपाटात अजून चकचकीत उभी आहे. रेशनकार्डाला प्लास्टिक चढवून नेलं तेव्हा दुकानदाराने कपाळाला हात लावला. "सयाजीभाऊ, आता नोंद कुठं करू, हवेत?" बाबा म्हणाले, "मागं चिटोरा चिकटव." पुढच्या महिन्यात तो चिटोराही लॅमिनेट झाला.

गाव हसतं, मीही हसतो. पण बाबांना हे वेड कुठून लागलं ते मला माहीत आहे, आणि ते माझ्यापाशीच येऊन थांबतं.

आमचं घर खालच्या आळीत. सावित्री नदीचं पाणी दोन-चार वर्षांतून एकदा पायरीपर्यंत येतं, बघून जातं, त्यामुळे आम्ही जरा गाफीलच. मी कॉलेजात होतो त्या वर्षी मात्र ते संध्याकाळी पायरी चढून सरळ घरात आलं. बाबा म्हशींची दावी सोडायला गोठ्याकडे धावले आणि धावता धावता ओरडले, "यशा, पेटी माळ्यावर टाक!" पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक. माझ्या हाताशी होता पत्त्यांचा डबा. मी आधी तो उचलला, शिडी चढलो, माळ्यावर ठेवला. म्हटलं, पेटी दुसऱ्या फेरीत नेऊ. दुसरी फेरी झालीच नाही. खाली उतरेपर्यंत पाणी कमरेला लागलं होतं, मागचं दार निखळलं होतं आणि पेटी त्या दारातून निघून गेली होती.

पेटीत जमिनीचे कागद होते, ते तलाठ्याकडून परत मिळाले. पेटीत आईचे सगळे फोटो होते, ते कुणाकडून मिळणार? आई मी सातवीत असताना गेली. तेव्हा आमच्याकडे साधा फोन होता, बटणांचा. लग्नाचा अल्बम, आधारकार्डावरचा फोटो, जत्रेत काढलेले दोन, सगळं त्या पेटीत. मामाकडे एक ग्रुप फोटो आहे, त्यात आई नेमकी मागे वळून कुणाला तरी हाक मारते आहे. दिसतो तो फक्त अंबाडा.

बाबांनी त्या पेटीबद्दल मला कधी एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्या वेळी माळ्यावर आम्ही दोघं गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो आणि मी पत्त्यांचा डबा हळूच पाठीमागे सरकवला होता. त्यांनी तो बघितला की नाही, कळलं नाही. पाणी ओसरलं, चिखल काढला, भिंती धुतल्या, आणि बाबांनी लॅमिनेशन सुरू केलं. मला एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा विचारावं. शिव्या द्याव्यात, कानाखाली द्यावी, पण तोंड उघडावं. चार वर्षं मी त्याची वाट बघत होतो. एमआयडीसीतल्या लॅबमधून रोज संध्याकाळी घरी यायचो, समोरासमोर बसून दोघं जेवायचो, आणि आज विचारतील, आज विचारतील असं करत पानावरून उठायचो.

पत्ते मी त्यानंतर कधी खेळलो नाही. डबा उघडला की मला पेटी दिसायची.

या जूनमध्ये ऋत्विकचा फोन आला. ऋत्विक माझा शाळेतला मित्र, पोलादपूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकानाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सात-आठ जण जमून गडझुंज खेळतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा पाकिटातून मिळणाऱ्या पत्त्यांचा खेळ. दोघांचे पाच-पाच गड असतात. आपल्या जमवलेल्या पत्त्यांतून चाळीस निवडायचे, त्याला डेक म्हणायचं, आणि समोरच्याचे गड पाडायचे. एका पत्त्याच्या चारच प्रती चालतात. बक्षीस वगैरे काही नाही. हरणाऱ्याने भजी आणायची.

"पुढच्या रविवारी नवा नियम हाय," ऋत्विक म्हणाला. "ज्याला कुत्रा विचारत नाय असा पत्ता घ्यायचा आणि त्याच्याभोवती डेक बांधायचा. आता तरी ये रे. किती वर्षं दडून बसणार?"

मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "हमाल."

तो फोनवरच हसत सुटला. हमाल हा गडझुंजमधला सर्वांत टाकाऊ पत्ता. प्रत्येक पाकिटात एक निघतोच. बळ शून्य, लढता येत नाही. त्याचं काम एकच: तुमचा एखादा गड पडला, तर मैदानातला तुमचा एक पत्ता हमाल उचलून तुमच्या हातात परत आणतो आणि स्वतः बाद होतो. हरताना उपयोगी पडणारा पत्ता कुणाला हवा? शाळेत आम्ही हमाल पुस्तकात खुणेला घालायचो, डुगडुगणाऱ्या बाकाखाली सरकवायचो. माझ्याकडचेही असेच संपले. एकच राहिला होता, आणि तोसुद्धा खराब होता, कुणी घेतला नाही म्हणून.

तो आईने आणलेल्या पहिल्या पाकिटातला. आईला उपचारासाठी मुंबईला न्यावं लागायचं. एसटीने परत यायची, महाडच्या स्टँडवर उतरायची आणि समोरच्या दुकानातून माझ्यासाठी एक पाकीट घ्यायची. दर फेरीला एक. पहिलं पाकीट तिने घरी येऊन स्वयंपाक करता करताच फोडून दिलं आणि हमालाच्या कोपऱ्यावर तिचं हळदीचं बोट उमटलं. मी केवढा रडलो होतो! "खराब केलास, खराब केलास," म्हणत दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. शहाणपण उतू जात होतं माझं.

आता डोकं त्या हमालाभोवती फिरायला लागलं. लॅबमध्ये नमुने तपासताना मी मनात डाव लावत होतो. तोफेचा एक पत्ता असतो, उखळी तोफ. ती मैदानात ठेवल्याबरोबर समोरच्याचा एक पत्ता उडतो, नंतर ती नुसती बसून राहते. सगळे तिला एकदा वापरून विसरतात. पण आपण मुद्दाम एक गड पडू दिला तर? हमाल तोफ उचलून हातात आणेल, पुढच्या खेळीला ती परत ठेवायची, परत एक पत्ता उडेल. आणि घाटवाट नावाचा पत्ता बाद झालेल्या हमालाला परत आणतो. म्हणजे हमाल चढला, उतरला, पुन्हा चढला. गड पडत राहतील, पण सामान वाचत राहील. लोकांना गड वाचवायचे असतात. मी गड सोडून द्यायचे ठरवले होते.

त्यासाठी मला चार तोफा हव्या होत्या, चार घाटवाटा, आणखी तीन हमाल आणि बरंच काही. माझ्याकडे होते ते आईच्या पाकिटांतले जुने पत्ते: चमकणारे राजे, सेनापती, दोन तर आता कुठे मिळतही नाहीत असे. आदल्या रविवारी मी डबाच घेऊन पोलादपूरला गेलो. ऋत्विकने एकेक पत्ता उजेडात धरून बघितला. "हमाल फुकट ने, पोतंभर हायत. पण तोफांच्या बदल्यात काय देतोस?"

"सगळा डबा ठेव," मी म्हणालो.

"येडा झालास काय? यातले दोनच दे, लय झाले."

"ठेव रे सगळा."

खरं सांगायचं तर मला तो डबा घरात नको होता. मी वाचवलेली वस्तू ती, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं. हळद लागलेला हमाल तेवढा खिशात ठेवला आणि ऋत्विकचे एकोणचाळीस पत्ते घेऊन आलो. येताना मिनिडोर रिक्षात मला इतकं बरं वाटत होतं की मी शीळ घालत होतो.

आठवडाभर रोज संध्याकाळी ओटीवर डेक पसरून बसलो. हा घाल, तो काढ. तीन तोफा बऱ्या की चार? पायदळ किती? बाबा सुपारी कातरत बघत असायचे. मंगळवारी त्यांनी हातातला अडकित्ता बाजूला ठेवला आणि हमालावर बोट ठेवलं.

"ह्यो काय करतो?"

बाबांनी माझ्या पत्त्यांबद्दल जन्मात पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी म्हणालो, "ओझी उचलतो. गड पडला की आपला एक पत्ता वाचवतो."

"एकच?"

"एकच."

"मंग कुठला उचलायचा ते कोन ठरवतो?"

"खेळणारा."

बाबांनी बोट हमालावरून उचललं नाही. आता विचारतील, असं मला वाटलं. मी घाईघाईने घाटवाट दाखवली, हमाल परत कसा येतो ते सांगितलं, दुसऱ्या फेरीत दुसरा पत्ता नेतो, तिसऱ्या फेरीत तिसरा.

"म्हंजे सगळा वाचतो?"

"पत्ते नीट आले तर वाचतो."

"अवघड हाय," बाबा म्हणाले आणि म्हशींना वैरण टाकायला उठून गेले.

शुक्रवारी कामावरून आलो तर ओटीवरच्या फळीवर डेकची डबी रिकामी. बाबा समोर बसले होते, अंगात बाहेर जायचा इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर काहीतरी मोठं उरकून आल्याचं समाधान. मी विचारायच्या आत त्यांनी वर बोट केलं. तुळईच्या खिळ्याला सुतळीने काहीतरी टांगलेलं होतं, वाऱ्यावर खडखडत होतं.

खाली काढलं. पाच तक्ते. एकेका तक्त्यात आठ आठ पत्ते, ओळीने, मध्ये सारखं अंतर सोडून, सगळे एकाच जाड प्लास्टिकमध्ये बंद. कोपऱ्यात भोक पाडून सुतळी ओवलेली.

"महाडला ओंकारकडं जाऊन करून आनले," बाबा म्हणाले. ओंकारचं स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, बाबा त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. "त्यो एकेक करू काय म्हनत होता. म्हटला नको, सुटे हरवतात. आता पानी कौलाला लागला तरी एक भिजनार नाय. पाऊस बघतोस ना कसा धरलाय."

माझं डोकं फिरलं. "बाबा, हे पिसायचे असतात! हातात धरायचे असतात! हे टांगून काय करू, पूजा?"

"म्हंजे?"

"म्हणजे सगळं वाया गेलं. परवा खेळायचं होतं मला. चार वर्षांनी जाणार होतो. एकदा विचारायचं तरी!" मी तक्ते ओटीवर आपटले. "घरातली एक वस्तू तरी मोकळी राहूदे की! काय चाललंय हे? ती पेटी गेली म्हणून सगळ्या जगाला प्लास्टिक घालत फिरणार काय तुम्ही? गेली पेटी! मी नाय नेली वर! मी पत्ते नेले! बोला ना एकदा तोंडाने!"

इतकं मोठ्याने मी बाबांशी कधी बोललो नव्हतो. गोठ्यात म्हैस दचकून उठली, तिच्या गळ्यातली साखळी वाजली.

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी सदऱ्याची बाही ओढून नीट केली. मग म्हणाले, "ठावं हाय मला. माळ्यावर डबा मागं सरकवलास तवा बघितला मी."

"मग बोललात का नाय?"

"काय बोलू? राग आला होता. अजून हाय." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "कधी कधी तुझ्यासमोर जेवताना घास गिळत नाय. वाटतं, ह्या पोराला एक काम सांगितला होता."

मी उभाच होतो. हेच तर ऐकायचं होतं, आणि आता ऐकवत नव्हतं.

"मंग एक दिवस डोस्क्यात आला," बाबा म्हणाले, "की पोरानं उचलली ती पन तुझ्या आईची, शकूचीच वस्तू. फोटो काय, फोटोवाल्यानं काढलेले. ही पाकिटं तिनं आनली. पायात बळ नसायचा तिच्या. स्टँडवर उतरली की मी म्हनायचो, बस इथं, मी आनतो. ऐकायची नाय. धरत धरत दुकानापर्यंत जायची, सोता निवडायची. घरात आता तिच्या हातचा एवढाच राहिला हाय." त्यांनी एक तक्ता उचलून मांडीवर घेतला आणि तळहाताने पुसला. "तू डबा परत उघडलास, मला लय बरा वाटला. म्हनून करून आनले. तुझ्या खेळाचा नाय आला ध्यानात. चुकला माझा."

मी खाली बसलो. बाबांच्या मांडीवर पोलादपूरच्या कुणाकुणाचे टाकाऊ पत्ते होते, आणि बाबा ते पुसत होते.

गप्प बसता आलं असतं. त्यांना कधी कळलं नसतं. टांगून राहिले असते तक्ते, त्यांनी रोज बघितले असते, उदबत्तीसुद्धा ओवाळली असती एखाद्या दिवशी. मी गप्प बसायच्या अगदी बेतात होतो.

"बाबा, हे तिचे नाहीत."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. डबा ऋत्विकला दिला, त्याच्या बदल्यात हे आणले, मागच्या रविवारी. का दिला ते सांगायचा प्रयत्न केला, पण ते मलाच धड सांगता येईना.

"सगळा डबा?"

"हो."

"फोन लाव त्याला."

मी लावला, त्यांच्या देखत. ऋत्विक म्हणाला, "अरे, ते होय? ते पनवेलच्या एका पोराला गेले. परवाच. तो शोधतच होता कधीपासून. का रे, काय झाला?" बाबांना ऐकू गेलं. मी फोन बंद केला.

कौलांवर पाऊस वाजत होता. दोनदा. दोनदा माझ्या हातून ती गेली, आणि दुसऱ्या खेपेला तर पाणीसुद्धा नव्हतं.

"एक आहे," मी म्हणालो. "एक तिचा आहे यात."

बाबांनी पाचही तक्ते ओटीवर मांडले. त्यांच्या दृष्टीला चारही हमाल सारखेच. मी तिसऱ्या तक्त्यातल्या कोपऱ्यातल्या हमालावर बोट ठेवलं आणि हळदीचा डाग दाखवला, फिका पडलेला, नखाएवढा. पहिलं पाकीट, चुलीपाशी फोडलेलं, तिचं बोट. मी रडलो होतो तेही सांगितलं. बाबांनी चष्मा लावला. डागावर आपलं बोट ठेवून बघितलं, प्लास्टिकवरून.

मग ते आत गेले आणि कात्री घेऊन आले. त्यांचे हात भाताच्या राबात मुरलेले, कात्रीची सवय नाही. अगदी सावकाश, जीभ दाताखाली धरून, त्यांनी तो एक हमाल कापून काढला. बाकीचा तक्ता माझ्याकडे सरकवला.

"त्याला एकच उचलता येतो ना?"

"एकच."

"मंग ह्यो. बाकीचे काप, ने, खेळ." त्यांनी तो हमाल सदऱ्याच्या खिशात टाकला. पुन्हा बाहेर काढला. कापताना एका बाजूला कात्री फार जवळून गेली होती आणि तिथलं प्लास्टिक सुटलं होतं, बारीकशी फट पडली होती. मी हात पुढे केला.

"द्या इकडं, मी उद्या ओंकारकडून परत करून आणतो."

बाबांनी हात मागे घेतला.

"नको," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, रोज मीठ मागावं तसाच होता. "तुझ्याकडं नाय देनार. माझा मी नेईन."

चार वर्षं मला वाटत होतं, एकदा ते बोलले की मी सुटेन. ते बोलले. मी तिथेच बसलो होतो आणि समोर बाबा त्या फटीवर अंगठा दाबून धरून बसले होते, पाऊस कितीतरी लांब अंगणात पडत होता तरी.